शरीराचा अंतर्गत समतोल आणि उन्हाळ्यातील श्रम

मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ अंश सेल्सियसच्या वर जातो. जानेवारीतील एखाद्या कडक थंडीच्या पहाटे निफाडच्या द्राक्षबागांत तो ५ अंशांच्या आसपास उतरतो. या दोन्ही ठिकाणच्या निरोगी माणसांच्या जिभेखाली तापमापक ठेवून पाहिला, तर पारा दोन्हीकडे ३७ अंशांच्या आगेमागेच थांबेल. बाहेर चाळीस अंशांचा फरक आणि आत जेमतेम एका अंशाचा! ही गोष्ट इतकी नित्याची आहे की तिचे आपणांस नवल वाटत नाही. परंतु हे स्थैर्य शरीराला फुकट मिळत नाही. उन्हाळ्यात ते राखण्यासाठी शरीर पाणी आणि मीठ खर्च करीत असते. हा खर्च कसा होतो, तो कोणत्या मर्यादेपर्यंत पेलतो आणि भरून न निघाल्यास काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. रस्त्याच्या किंवा बंधाऱ्याच्या कामावर देखरेख करणारे अधिकारी, शाळेची वेळ आणि मैदानावरील कवायत ठरविणारे शिक्षक आणि गावाच्या पाण्याची काळजी वाहणारे पंचायत सदस्य यांच्या रोजच्या निर्णयांशी या विषयाचा निकटचा संबंध आहे.

शरीरातील पाणवठा

आपण हवेत राहतो असे म्हणतो, परंतु आपल्या शरीरातील पेशी हवेत राहत नाहीत. त्या पाण्यात राहतात. साठ किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३६ लिटर पाणी असते. त्यांपैकी दोन-तृतीयांश पेशींच्या आत आणि उरलेले सुमारे १२ लिटर पेशींच्या बाहेर असते. या बाहेरच्या पाण्यातील जवळजवळ तीन लिटर रक्तातील द्रवाच्या रूपाने सतत फिरत असते. पेशींना अन्न व प्राणवायू पोहोचतो तो याच पाण्यातून आणि त्यांचा केरकचरा वाहून जातो तोही याच पाण्यातून. सगळ्या गावाचा एकच पाणवठा असावा, तसे हे आहे. पाणवठा आटला, नासला वा खारट झाला, तर त्याची झळ घरोघर पोहोचते.

क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या द्रवाला शरीराचे अंतर्गत पर्यावरण असे म्हटले. हे पर्यावरण स्थिर राहते म्हणूनच प्राणी बाहेरच्या ऋतूंचा गुलाम न होता मोकळेपणाने वावरू शकतो, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये या स्थैर्याला जे नाव दिले, त्यासाठी मराठीत ‘समस्थिती’ हा शब्द वापरला जातो. समस्थिती म्हणजे निश्चलता नव्हे, यावर कॅनन यांचा भर होता. दोरीवर चालणारा डोंबारी पडत नाही, कारण तो सारखा हलत असतो. शरीराचेही तसेच आहे. रक्तातील साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि घटली की यकृतातील साठा मोकळा होतो, हे उदाहरण मधुमेहाच्या प्रसारामुळे आता बहुतेकांच्या परिचयाचे झाले आहे. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातील दीड-दोन लिटर वगळता सगळा परत घेतात. एवढा मोठा व्यवहार चालतो तो पाणवठ्याची चव बिघडू नये म्हणून!

तापलेल्या खोलीतील माणूस आणि दारातील माठ

उष्णतेच्या बाबतीत ही व्यवस्था किती समर्थ आहे, हे लंडनमध्ये १७७४ साली झालेल्या एका प्रयोगाने दाखविले. डॉ. जॉर्ज फोर्डाइस यांनी तापविलेल्या खोल्या तयार केल्या होत्या. त्यांत चार्ल्स ब्लॅग्डेन व त्यांचे काही सहकारी शिरले. एका प्रसंगी खोलीतील हवा २६० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२७ अंश सेल्सियस, इतकी तापली होती. पाणी उकळते त्याहून ही उष्णता अधिक होय. ब्लॅग्डेन तेथे आठ मिनिटे थांबले. त्याच खोलीत ठेवलेली अंडी वीस मिनिटांत घट्ट शिजली आणि मांसाचा तुकडा पाऊण तासात शिजून कोरडा पडला. माणूस मात्र तसाच्या तसा बाहेर आला.

या प्रयोगातील आणखी एक निरीक्षण मला अधिक मोलाचे वाटते, कारण सगळे रहस्य त्यात आहे. त्या खोलीत उघड्या भांड्यात ठेवलेले पाणी, हवा इतकी तापलेली असूनही, उकळेना. पाण्यावर तेलाचा थर दिल्यावर मात्र ते उकळू लागले. पृष्ठभागावरून वाफ होऊन जाणारे पाणी खालच्या पाण्याची उष्णता सोबत नेत होते. तेलाने ती वाट बंद केली.

हे समजून घेण्यासाठी आपणांस लंडनला जाण्याची गरज नाही. दारातील माठ हेच करतो. त्याच्या सच्छिद्र अंगातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार राहते. माणसाच्या त्वचेत वीस ते चाळीस लक्ष घर्मग्रंथी आहेत. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा छोटासा भाग रक्ताच्या उष्णतेवर लक्ष ठेवतो. ती वाढू लागताच तो त्वचेतील रक्तवाहिन्या रुंद करतो आणि घाम सुरू करतो. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते.

आता खोदकाम करणाऱ्या मजुराचा हिशेब मांडून पाहू. जड कामात स्नायू तासाला तीनशे ते चारशे किलोकॅलरी उष्णता निर्माण करतात. साठ किलोच्या शरीराचे तापमान एका अंशाने वाढण्यास सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे ही उष्णता बाहेर गेलीच नाही, तर तासाभरात शरीर सहा अंशांहून अधिक तापेल आणि माणूस जगणार नाही. थंड हवेत पुष्कळशी उष्णता त्वचेवरून आपोआप निघून जाते. परंतु हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाहून, म्हणजे सुमारे ३५ अंशांहून, वर गेले की ही वाट उलटी वाहू लागते. बाहेरची उष्णता आत येते. मग घाम हा एकच उपाय उरतो. कडक उन्हात कष्ट करणाऱ्याला तासाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम येतो, तो यामुळे.

कोरडी हवा, दमट हवा

ज्यांनी नागपुरात आणि मुंबईत दोन्हीकडे नोकरी केली आहे, त्यांना एक अनुभव असेल. नागपुरात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली गार करतो. मुंबईत तोच कूलर निरुपयोगी ठरतो. माठातील पाणीही कोकणात विदर्भाइतके गार होत नाही. कारण उघड आहे. दमट हवेत आधीच बाष्प भरलेले असल्याने नव्या बाष्पाला जागा कमी असते. हाच नियम घामाला लागू पडतो. अंगावरून ओघळून जमिनीवर पडलेला घाम शरीराला थंडावा देत नाही. पाणी व मीठ तेवढे वाया जाते. म्हणून किनारपट्टीवर ३६ अंश आणि वऱ्हाडात ४२ अंश असले, तर किनारपट्टीवरील लोक सुखी आहेत असे समजण्याचे कारण नाही. नुसता तापमानाचा आकडा पाहून काम चालू ठेवणे वा थांबविणे योग्य नव्हे.

शास्त्रज्ञ यासाठी ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक वापरतात. फडक्यातील पाण्याची वाफ होते आणि पारा खाली येतो. हवा जितकी कोरडी तितका अधिक खाली. घाम आलेल्या शरीराची स्थिती तो साध्या तापमापकापेक्षा अधिक खरी सांगतो. या तापमापकाने ३५ अंश दाखविले, तर सावलीत पंख्याखाली स्वस्थ बसलेला निरोगी माणूसही काही तासांपलीकडे तग धरू शकणार नाही, असे गणित २०१० मध्ये मांडले गेले. पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात तरुण निरोगी व्यक्तींवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. त्यांत दमट हवेतील ही मर्यादा ३१ अंशांच्या आसपासच आढळली. वृद्ध, आजारी किंवा श्रम करणाऱ्या माणसाची मर्यादा त्याहूनही खाली असणार, हे सांगावयास नको.

पाणी आणि मीठ यांचा जमाखर्च

घामाने पाणी गेले की रक्त किंचित दाट होते. हा बदल शेकडा एक-दोन इतका झाला, तरी मेंदूला त्याची खबर लागते. दोन आज्ञा सुटतात. एक तहानेची. दुसरी आज्ञा एका संप्रेरकाच्या द्वारे मूत्रपिंडांना जाते की पाणी राखून ठेवा. लघवी थोडी व गडद होते. आपल्याकडे ज्याला ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात, त्या जळजळीमागे पुष्कळदा ही दाट झालेली लघवी असते. मीठ राखण्याचे काम अधिवृक्क ग्रंथींतील दुसरे संप्रेरक करते. ते मूत्रपिंडांना आणि घर्मग्रंथींनाही मीठ परत घ्यावयास लावते.

या व्यवस्थेत एक उणीव आहे. पाणी प्याल्यावर ते रक्तात पुरेसे मिसळण्याच्या आधीच तहान शमते. तोंड ओले झाले की मेंदू निर्धास्त होतो. त्यामुळे उन्हात काम करणारा माणूस केवळ तहानेवर विसंबला, तर दिवसअखेर तो तोट्यातच राहतो. उतारवयात तहानेची जाणीव आणखी मंद होते. कामाच्या जागी शौचाची सोय नाही म्हणून कित्येक स्त्रिया दिवसभर मुद्दाम पाणी टाळतात. येथे दोष शरीराचा नसून व्यवस्थेचा आहे. उन्हाळ्यापूर्वी शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे की नाही, हे पाहणे उष्माघात-प्रतिबंधाचेच काम होय.

उलट बाजूही आहे. घामाबरोबर मीठ जाते, आणि तासन्‌तास घाम गाळून नुसतेच भरपूर पाणी प्याले तर रक्तातील क्षार पातळ होतात. खोल खाणींतील कामगारांना काम करता करता पोटऱ्यांत व पोटात असह्य गोळे येत, ते याच कारणाने. त्यांच्या पिण्याच्या पाण्यात थोडे मीठ घालण्याचा उपाय गेल्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. आपल्या घरांतून मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे व कोकमचे सरबत पिण्याची रीत आहे. तीत हे शास्त्र न सांगता सांभाळले गेले आहे. खिशात कांदा ठेवण्याच्या समजुतीला मात्र असा कोणताही आधार नाही. कांदा खिशात असला तरी घाम तेवढाच जातो. ज्यांना रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

बनगावची छावणी

शरीरातील पाणी व मीठ झपाट्याने घटण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे अतिसार व पटकी. येथे घामाऐवजी आतड्यांतून गळती होते, परंतु रिकामा होणारा पाणवठा तोच. पटकीच्या रुग्णाला काही तासांत कित्येक लिटर पाणी गमवावे लागते. या रोगावर तोंडावाटे पाणी देण्याचा उपाय कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्ये १८६ रुग्णांवरील अनुभवासह प्रसिद्ध केला होता. परंतु शिरेवाटे सलाईन हाच खरा उपचार, ही समजूत दृढ होती. साखर व सोडियम हे आतड्याच्या अस्तरातून एकमेकांच्या सोबतीने आत जातात, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडले आणि तोंडावाटे उपचाराला शास्त्रीय बैठक मिळाली. हा दरवाजा पटकीतही बंद होत नाही. मीठ आत गेले की त्यामागोमाग पाणी जाते.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित भारतात आले आणि पश्चिम बंगालमधील बनगाव येथे पटकीची साथ उसळली. सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांची मिश्रणे तयार करून पाण्यात विरघळविली आणि रुग्णांच्या नातेवाइकांकरवीच ती पाजण्यास सुरुवात केली. तीन हजारांहून अधिक रुग्णांना हा उपचार मिळाला. पूर्वी शेकडा तीस इतके मृत्यू होत, तेथे हे प्रमाण शेकडा ३.६ वर आले. प्रशिक्षित हात अपुरे असताना एका साध्या द्रावणाने हे साधले. डॉ. महालनाबीस २०२२ मध्ये निवर्तले. पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

आपल्याकडे जलसंजीवनी या नावाने ओळखले जाणारे मिश्रण याच परंपरेतील होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे व मिठाचा अर्धा सपाट चमचा घालावा. चमचा चहाचा घ्यावा. प्रमाण पाळणे अगत्याचे आहे. अधिक साखर म्हणजे अधिक शक्ती, ही समजूत घातक आहे. गोडी फार झाली तर आतडे पाणी शोषण्याऐवजी शरीरातील पाणी उलट आपल्याकडे ओढते आणि जुलाब वाढतात. यामुळेच बाजारातील गोड पेयांना ‘ओआरएस’ असे नाव लावण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. प्राथमिक आरोग्य केंद्रातील पुडी आणि दुकानातील रंगीत डबा यांतील फरक पालकांना समजावून सांगण्याचे काम शिक्षक चांगले करू शकतील.

समतोल ढळतो तेव्हा

उन्हात श्रम करताना रक्ताला दोन धनी असतात. स्नायू प्राणवायूसाठी रक्त मागतात. त्वचा उष्णता बाहेर टाकण्यासाठी मागते. घामाने एकूण रक्तद्रव घटत असतो. हृदय ठोके वाढवून दोघांनाही काही काळ भागविते. ते जमेनासे झाले की डोके दुखते, गरगरते, मळमळते, अंग गळून जाते. ही शरीराची सूचना होय. या टप्प्यावर माणसाला सावलीत आडवे केले, कपडे सैल केले, अंग ओले करून वारा घातला आणि शुद्धीवर असल्याने घोट घोट पाणी किंवा जलसंजीवनी दिली, तर तो बहुधा सावरतो.

सूचना डावलली गेली तर पुढचा टप्पा उष्माघाताचा. आतले तापमान ४० अंशांवर जाते आणि मेंदूवर परिणाम होतो. माणूस असंबद्ध बोलू लागतो, तोल जातो, झटके येतात, शुद्ध हरपते. अंग कोरडे असेल तरच उष्माघात, अशी एक समजूत आहे. ती अपुरी आहे. श्रम करताना कोसळलेल्या तरुण मजुराचे अंग घामाने भिजलेले असू शकते. अशा वेळी वर्तणुकीतील बदलाकडे पहावे. तापाच्या गोळ्यांचाही येथे उपयोग नसतो. तापात हायपोथॅलॅमस स्वतःच शरीराचे तापमान वरच्या अंकावर नेऊन ठेवतो आणि गोळी तो अंक खाली आणते. उष्माघातात अंक जागेवरच असतो, उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था कोलमडलेली असते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, परंतु ती येईपर्यंत वाट पाहत बसू नये. रुग्णाला सावलीत नेऊन त्याच्या अंगावर भरपूर पाणी ओतावे आणि सतत वारा घालावा. बर्फ मिळाल्यास काखेत, मानेवर व जांघेत ठेवावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

अहमदाबादेत २१ मे २०१० रोजी पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्या महिन्यातील मृत्यूंची नंतर छाननी झाली, तेव्हा एरवीपेक्षा १,३०० हून अधिक मृत्यू जास्त झाल्याचे आढळले. उष्णता मरणाच्या दाखल्यावर क्वचितच आपले नाव लिहिते. हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार अशा नावांआड ती दडते. त्या अनुभवातून अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि नंतर नागपूरसह इतर शहरांनी तो मार्ग धरला. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीतील एप्रिल, मे व जून महिन्यांची पाने मागील काही वर्षांच्या पानांशी ताडून पाहिली, तर आपल्या गावात काय घडते याचा अंदाज कोणत्याही सरपंचाला येऊ शकेल.

नवखा मजूर

शरीर उन्हाला सरावते, ही शेवटची महत्त्वाची गोष्ट. रोज थोडा थोडा वेळ उन्हात श्रम केले, तर एक ते दोन आठवड्यांत रक्तद्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुरू होतो व अधिक येतो आणि त्यात मीठ कमी जाते. म्हणूनच धोका सर्वांत जास्त असतो तो हंगामातील पहिल्या लाटेत आणि कामावरच्या पहिल्या काही दिवसांत. जुना मजूर दुपारी बारापर्यंत खोदतो म्हणून नव्यानेही खोदावे, हा हट्ट त्याच्या जिवावर बेतू शकतो. रोजगार हमीच्या कामावर पाणी व सावली यांची तरतूद कागदोपत्री नवी नाही. नवख्यांना पहिला आठवडा सकाळचे हलके काम देणे, प्रत्येकाला दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी पाजणे आणि मजुरांच्या जोड्या करून एकमेकांवर लक्ष ठेवावयास सांगणे यांस वेगळ्या मंजुरीची गरज नसावी. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेणारे, नुकतेच तापातून वा हगवणीतून उठलेले आणि गरोदर स्त्रिया यांची माहिती मुकादमाजवळ असली पाहिजे. हा सराव टिकाऊ नसतो, हेही त्याने ध्यानात ठेवावे. लग्नसराईत पंधरा-वीस दिवस गावी सावलीत राहून परतलेला मजूर कितीही जुना असला, तरी त्याच्या घर्मग्रंथींच्या दृष्टीने तो पुन्हा नवखाच असतो, आणि त्याचा पहिला आठवडाही नवख्यासारखाच मोजावा लागतो.